कोशिंबिरीचा एक तास



आपल्या शाळेच्या पत्रिकेत परीक्षांचे निकाल, स्पर्धांतील यश आणि देणगीदारांची नावे नेहमीच येतात. या अंकात आम्ही ही जागा काकडीच्या कोशिंबिरीसाठी मागून घेतली आहे. वाचून कुणाला हसू येईल. जरूर हसावे, पण लेख शेवटपर्यंत वाचावा, कारण आम्हांला विश्वस्त मंडळापुढे एक मागणी ठेवायची आहे आणि तिच्यावर पालकांचे मत हवे आहे.

मागणी आधीच सांगून टाकतो. येत्या वर्षापासून पाचवी ते नववीच्या प्रत्येक वर्गाला, मुलगे आणि मुली दोघांनाही, महिन्यातल्या एका शनिवारी एक तास बिनविस्तवाच्या स्वयंपाकाचा मिळावा आणि त्याची सुरुवात दही लावणे व काकडीची कोशिंबीर यांनी व्हावी.

हे डोक्यात आले ते आपल्या आनंदमेळ्यात. मुलांनी मांडलेल्या खाऊच्या टेबलांवर चिप्सच्या पाकिटांशेजारी विकतच्या ‘डिप’चे डबे होते. पांढरे, थंडगार, वरून हिरवे ठिपके. टेबलामागच्या मुलाला आम्ही विचारले, “हे कशाचे रे?” तो म्हणाला, “काकडी-दह्याचं डिप आहे सर, फॉरेनचं.” त्याची आजी शेजारीच उभी होती. तिने बोटाने चाखले आणि म्हणाली, “अरे, ही तर आपली कोशिंबीर! फोडणी द्यायची तेवढी राहिली.” सगळे हसले. मुलगा हुशार आहे, विज्ञानात पुढे आहे. परंतु दही कशाने लागते, हे विचारल्यावर तो म्हणाला, “पिशवीत येतं ना?” आपल्या वर्गांत फिरून हाच प्रश्न विचारला तर असे उत्तर पुष्कळ ठिकाणी मिळेल. दोष मुलांचा नाही. आपल्या शहरापासून अगदी जवळ असलेल्या आणंदला १९४६ मध्ये दूध उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तिच्यातून साऱ्या देशाच्या दुधाचे चित्र पालटले, हे त्यांना पाठ आहे. त्या दुधाचे घरात पुढे काय होते, ते त्यांनी पाहिलेले नाही.

आजींचे म्हणणे बरेचसे खरे होते. पण ‘फॉरेनचं’ म्हणणारा तो मुलगाही अगदीच चुकीचा नव्हता. काकडी आणि दही ही जोडी फार लांबवर पसरलेली आहे. ग्रीसमध्ये तिला त्झात्झिकी म्हणतात. तिथे दही फडक्यात बांधून घट्ट करतात, किसलेली काकडी पिळून घेतात, त्यात लसूण, ऑलिव्हचे तेल, थोडे व्हिनेगर किंवा लिंबू आणि शेपू अथवा पुदिना घालतात. ग्रीकांनी हे नाव तुर्कांच्या जाजिकवरून घेतले. तुर्कस्तानातले जाजिक पातळ असते. उन्हाळ्यात त्यात गार पाणी घालून वाटीने पितात, वरून वाळलेला पुदिना टाकतात. योगर्ट हा शब्दही तुर्कीतूनच जगभर गेला. इराणमध्ये मास्त-ओ-खियार आहे, म्हणजे सरळ ‘दही आणि काकडी’. त्यात पुदिना, अक्रोड, बेदाणे आणि कधी वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्याही पडतात. बल्गेरियात तारातोर नावाचे गार सार आहे. याच बल्गेरियाच्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १९०५ मध्ये आपल्या देशातल्या दह्यातला जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला. आज तो जिवाणू त्या देशाच्या नावानेच ओळखला जातो.

आणि ही काकडी मूळची कुठली? तिचा रानटी पूर्वज हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात सापडतो. तिथून ती पश्चिमेला इराण, तुर्कस्तान, ग्रीस अशी गेली. तेव्हा परदेशी डब्यातली काकडी ही दूरदेशी नांदायला गेलेली आपलीच लेक म्हणायला हरकत नाही.

आपल्या देशातही घरोघरची तऱ्हा निराळी. आपले गुजराती शेजारी काकडीच्या रायत्यात वाटलेली राई घालतात आणि तो झणका नाकापर्यंत जातो. रायता हे नावच राईवरून आले असे मानतात. बेळगाव-धारवाडकडे मोसरू बज्जी, हैदराबादकडे पेरुगु पच्चडी. गोव्यात मोठ्या पावसाळी काकडीला तवसे म्हणतात आणि तिचा गोड केकसुद्धा करतात, त्याचे नाव तवसळी. आपल्या मराठी घरांत दाण्याचे कूट, चिमूटभर साखर, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी. दही न घालता लिंबू पिळले आणि ओले खोबरे टाकले की खमंग काकडी. पंगतीत ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी यांच्या ओळीत कोशिंबिरीची जागा ठरलेली असे.

आता शब्दांकडे वळू. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद केला. दर वर्षी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी मुले भाषणे करतात, पाठ केलेली वाक्ये छान म्हणतात. पण घरी तीच मुले “काकडी छिणली”, “दही जमवलं”, “कोथमीर टाकली” असे बोलतात. यात आम्हांला लाज वाटत नाही. आपले पूर्वज गायकवाडांच्या मागोमाग या भूमीत आले, त्याला तीनशे वर्षे होत आली. इतक्या शेजारात दोन भाषांनी एकमेकींच्या वाटीत हात घालणे साहजिक आहे, आणि वडोदऱ्याची मराठी त्यानेच वडोदऱ्याची झाली आहे. गुजराती शब्द आला म्हणून आम्ही तक्रार करणार नाही.

तक्रार एवढीच की मराठी शब्द निघून चालला आहे. छिणणे आणि किसणे दोन्ही येत असतील तर मूल श्रीमंत झाले. फक्त छिणणेच येत असेल तर काहीतरी हरवले. शेजारच्या बेन ज्याला मेळवण म्हणतात आणि हिंदीत ज्याला जामन म्हणतात, ते आपले विरजण. दही टांगून पाणी गेले की उरतो तो चक्का. काकडी हातात धरून सुरीने बारीक बारीक चिरा पाडत कापायची, ते कोचवणे; कुणी चोचवणे म्हणते. विळी, खवणी, किसणी, पंचा, वाडगे, कूट, फोडणी. ही यादी फळ्यावर लिहून पाठ करून घेतली तर परीक्षेपुरती टिकेल. ज्याने एकदा काकडी कोचवली आणि बोट सांभाळले, तो हा शब्द जन्मभर विसरणार नाही. भाषेचा मोठा भाग हाताने शिकला जातो, असे आमचे मत आहे, आणि या मागणीमागचे पहिले कारण हेच.

त्या डब्यावरचा ‘डिल’ हा शब्दही पाहा. मुले तो कौतुकाने वाचतात. डिल म्हणजे शेपू, गुजरातीत सुवा. घरी शेपूची भाजी झाली की नाक मुरडणारे मूल तोच शेपू डब्यात मिळाला तर चमच्याने खाते. नाव बदलले की चव बदलते, हा जाहिरातीचा खेळ मुलांना समजावा यासाठी शेपूची जुडी वर्गात आणण्याइतका सोपा उपाय दुसरा नाही.

दुसरे कारण विज्ञानाचे. काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणी असते. किसलेल्या काकडीला मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवली की वाटीभर किसाला चांगले पाणी सुटते. हेच परासरण. पुस्तकात पेशी, पटल, संहत द्रावण अशा शब्दांत मुले ते पाठ करतात. इथे ते डोळ्यांना दिसते, मोजपात्रात मोजता येते. एका गटाने मीठ लावून आणि दुसऱ्याने न लावता काकडी ठेवावी आणि दोघांनी निथळलेले पाणी मोजून लिहावे. कोशिंबिरीत मीठ जेवायला बसतानाच का घालायचे, या आईच्या नियमाचे कारण त्यांना आपोआप कळेल.

दह्याचेही तसेच. दुधात विरजण घातले की त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात. आम्ल पुरेसे वाढले की दुधातले प्रथिन एकत्र येऊन गोठते. दूध फार गरम असेल तर जिवाणू मरतात, गार असेल तर कामाला लागत नाहीत. म्हणून सुमारे ४० अंश सेल्सिअस, आईच्या भाषेत ‘करंगळी सोसेल इतके कोमट’. वडोदऱ्याच्या मे महिन्यात चार-पाच तासांत दही लागते. जानेवारीत भांडे पंच्यात गुंडाळून डब्यात ठेवावे लागते आणि तरी रात्र जाते. एकाच वर्गाने वर्षभर हे वेळापत्रक लिहून ठेवले तर विज्ञान प्रदर्शनासाठी वेगळा प्रकल्प शोधायला नको.

काकडीच्या कडूपणाचे कारणही मुलांना सांगण्यासारखे आहे. तिच्यात कुकुरबिटासिन नावाची द्रव्ये असतात. ती देठाकडच्या टोकाशी आणि सालीलगत जास्त जमतात. म्हणून टोक कापून आधी एक चकती चाखून पाहायची. काकडी जहर कडू लागली तर “असू दे, दह्यात लपेल” असे म्हणू नये. ती टाकून द्यावी. पोट बिघडण्यापेक्षा एक काकडी गेलेली बरी.

इथपर्यंत आलात, तर कृतीही देतो. पालकांनी ती कापून फ्रिजवर लावावी आणि शक्य असेल तर रविवारी स्वयंपाकघर अर्धा तास मुलांच्या ताब्यात द्यावे.

आदल्या रात्री अर्धा लिटर दूध उकळून कोमट करावे. त्यात एक लहान चमचा ताजे विरजण नीट ढवळून मिसळावे, झाकण ठेवावे आणि भांडे हलवू नये. दही लागले की फ्रिजमध्ये ठेवावे. दूध उकळण्याचे काम मोठ्यांनी करावे, बाकी सारे मुलांनी.

कोशिंबिरीसाठी दोन मध्यम काकड्या धुऊन, टोके काढून, चाखून घ्याव्यात. साल कोवळी असेल तर ठेवावी. काकडी किसावी किंवा कोचवावी. कोचवलेली जास्त कुरकुरीत लागते. किसलेली असेल तर मुठीत हलके दाबून पाणी एका भांड्यात काढावे. त्यात एक वाटी घट्ट दही, दोन मोठे चमचे भाजलेल्या दाण्याचे कूट, एक बारीक चिरलेली हिरवी मिरची, अर्धा चमचा साखर आणि मूठभर चिरलेली कोथिंबीर घालावी. एक चमचा तुपात अर्धा चमचा जिरे आणि चिमूटभर हिंग यांची फोडणी करून, ती जरा निवल्यावर वरून ओतावी. मीठ वाढण्याच्या वेळी. उपासाला करायची असेल तर हिंग वगळावे. वर्गात करताना फोडणी घरून आणता येईल, किंवा भाजून कुटलेले जिरे वापरता येईल.

आता ग्रीक तऱ्हा. अर्धा किलो दही स्वच्छ पातळ फडक्यात बांधून चाळणीवर ठेवावे, खाली भांडे, आणि सगळे फ्रिजमध्ये चार-पाच तास. वजन जवळपास निम्म्यावर येते. एक मोठी काकडी किसून अर्धा चमचा मीठ लावावे, पंधरा-वीस मिनिटांनी घट्ट पिळावी. या ठिकाणी मात्र पिळण्यात दया दाखवू नये, नाहीतर चक्क्याचे पुन्हा दही होते. चक्क्यात पिळलेली काकडी, लसणीची एक ठेचलेली पाकळी, एक मोठा चमचा ऑलिव्हचे तेल, एक चमचा लिंबाचा रस आणि दोन मोठे चमचे बारीक चिरलेला शेपू किंवा पुदिना घालून कालवावे. अर्धा तास गार होऊ दिले की चव मुरते. ज्यांच्या घरी लसूण चालत नाही त्यांनी ती वगळावी, जिरेपूड घालावी. पदार्थ बिघडत नाही. चपातीचे तुकडे, भाकरी, गाजराच्या सळ्या, भाजलेला पाव, कशाबरोबरही खावे.

आणि पाणी टाकायचे नाही. काकडीचे पिळलेले पाणी थालिपिठाच्या पिठात जाते, दह्याचे पाणी कढीत किंवा कणकेत. आपल्या आज्यांनी हा हिशेब कुठल्या वर्गात शिकला नव्हता. पण ‘वाया घालवू नये’ हे वाक्य शंभर वेळा लिहून जे होत नाही ते एकदा असे पीठ भिजवून होते.

यासोबत पाचवीच्या मुलांनाही जमेल असा एक उद्योग सुचवतो. दुकानातल्या डिपचा डबा घ्या आणि त्यावरचे घटक वाचा. नियमाप्रमाणे जो घटक सर्वांत जास्त तो सर्वांत आधी लिहिलेला असतो. मेयोनेजवर केलेल्या डिपमध्ये तेल अगदी वरच्या ओळीत सापडेल. काकडी कितव्या क्रमांकावर आहे आणि आहे का, ते मोजा. मग वहीत तीन रकाने आखा: विकतचे, घरचे, फरक. वजन, किंमत, घटक भरा. आकडे आम्ही मुद्दामच देत नाही. ते मुलांनी आपल्या गल्लीच्या दुकानातून आणि आपल्या घरच्या भाजीच्या पिशवीतून आणावेत. विकतचे सगळे वाईट, असे शिकवण्याचा आमचा हेतू नाही. विकत घेणाऱ्याला आपण काय घेतो हे कळावे, एवढाच आहे.

आता आक्षेप. ते रास्त आहेत आणि आमच्या कानावर आलेही आहेत.

पहिला आक्षेप वेळेचा. “आधीच अभ्यासक्रम संपत नाही, त्यात कोशिंबीर कुठून?” महिन्यातून एक तास म्हणजे वर्षाचे जेमतेम दहा तास. परासरण, आम्ल, तापमान, वजन, प्रमाण हे सारे त्या तासात येतेच. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्यांनी स्थानिक कारागिरांकडून हाताचे काम शिकावे असे म्हटलेच आहे. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली होती. आम्ही मागतो ते नवे काही नाही, आणि त्यासाठी कुणा मोठ्या तज्ज्ञालाही बोलवावे लागणार नाही. आपल्या प्रत्येक वर्गातल्या मुलांच्या आज्या हेच आपले स्थानिक कारागीर.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि विश्वस्तांनी तो काढणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. म्हणून आम्ही बिनविस्तवाचा तास म्हणतो. पाचवी-सहावीला फक्त किसणी आणि बोटांना राखणारी मूठ. सुरी सातवीपासून, आणि तीही गटागटाने, शिक्षकांच्या डोळ्यांसमोर. दाण्याची अॅलर्जी असलेली मुले असू शकतात. पालकांकडून आधी लेखी माहिती घ्यावी आणि अशा वर्गात कूट अजिबात आणू नये, त्याऐवजी ओले खोबरे घ्यावे. दूध न सोसणाऱ्या मुलांसाठी लिंबाची खमंग काकडी आहेच. कोथिंबीर, पुदिना तीन पाण्यांनी धुवावा. दही घातलेला पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, आणि आपल्या उन्हाळ्यात तर एका तासातच संपवावा. म्हणून एप्रिलमध्ये हा तास सकाळी पहिला ठेवावा. टिफिनमध्ये न्यायची असेल तर काकडी, दही आणि मीठ वेगवेगळे द्यावे. एवढे नियम पाळले तर हा तास खेळाच्या तासाहून धोक्याचा नाही.

तिसरा आक्षेप मोठ्याने कुणी बोलत नाही, पण तो सर्वांत खोल आहे: “मुलांना हे कशाला?” म्हणजे मुलग्यांना. मुलींसाठी म्हटले असते तर कदाचित कुणी विरोध केला नसता.

इथे आपल्याच शहरातल्या एका थोर बाईंची आठवण द्यावीशी वाटते. बडोदा संस्थानाचे दिवाण मनुभाई मेहता यांची कन्या हंसा मेहता या १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. त्यांच्याच काळात तिथे गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली आणि घर चालवणे हा विद्यापीठात शिकण्याचा विषय ठरला. तीच विद्याशाखा आज कुटुंब व समाजविज्ञान अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने चालते. याच हंसाबेन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असे इंग्रजी शब्द होते. ते बदलून ‘सर्व माणसे’ असे व्हावे, हा आग्रह त्यांनी धरला आणि तो मान्य झाला. आपल्या गावच्या बाईने जगाच्या कागदावरचा एक शब्द बदलून घेतला. तिच्या गावच्या शाळेत ‘मुलींचा स्वयंपाक’ या शब्दांच्या जागी ‘मुलांचा स्वयंपाक’ लिहायला, आणि त्यात सर्व मुले धरायला, आपल्याला इतका संकोच का वाटावा?

व्यवहारही पाहा. आपल्या शाळेतून निघालेली मुले पुण्याला, बंगळुरूला, कुणी कॅनडाला जातात. भाड्याच्या खोलीत राहतात. रोज बाहेरून मागवून खाणारा मुलगा महिन्याअखेरी पैशाने आणि पोटाने दोन्हीकडून थकतो. आणि तोच मुलगा लग्नानंतर “मला काही येत नाही” हे अभिमानाने सांगतो. न येण्याचा अभिमान वाटावा अशी गोष्ट जगात थोडीच असते. आपण मुलग्यांना ती घरच्या घरी शिकवत आलो आहोत. मुलींनाही आता ती वेळ नसते. दोघेही घराबाहेर शिकतात, दोघेही कमावणार आहेत. मग दोघांनाही पंधरा मिनिटांत एक वाडगा कोशिंबीर करता यावी. बाकीचे जेवण तिच्याभोवती हळूहळू जमते.

चौथा आक्षेप कामावर जाणाऱ्या आयांचा, आणि तो आम्हांला सर्वांत मनापासून पटतो. “म्हणजे पुन्हा आमच्यावरच काम! घरी दही लावा, कूट करा, मुलांकडून सराव करून घ्या.” हे ओझे आईवर पडणार असेल तर ही योजना न केलेली बरी. म्हणूनच तो तास शाळेत हवा. साहित्य शाळेने आणावे, शिकवणाऱ्यांत बाबा आणि आजोबाही असावेत, आणि घरी कृती करायची ती मुलांनी, आईने नव्हे. भांडी घासण्यासकट. भांडी न घासता केलेली कोशिंबीर अर्धवटच समजावी, असा नियम आम्ही सुचवतो.

कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले. त्याची मापे वाटीची आणि चमच्याची होती. म्हणून नव्याने संसार मांडणाऱ्याला ते उघडून कामाला लागता आले. आपल्या मुलांसाठी असेच वाटी-चमच्याचे लहान पुस्तक शाळेने तयार करावे. दर महिन्याला एक पदार्थ. प्रत्येक पदार्थासोबत त्याचे मराठी शब्द, त्याचे गुजराती नाव आणि शेजारच्यांची तऱ्हा. वर्षाअखेरीस दहा पानांची वही होईल. तिचे लेखक विद्यार्थी असतील. जे मूल घरी दुसऱ्या भाषेत जास्त बोलते आणि मराठी निबंधाला घाबरते, तेही आपल्या आजीची कृती चार वाक्यांत लिहू शकेल. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या शाळेसाठी हे लहान काम नाही. आजींची पिढी कायमची बसलेली नाही, हे आपण सारे जाणतो. ज्यांना विचारायचे आहे त्यांना आज विचारता येते.

तेव्हा विश्वस्त मंडळाला आमची विनंती अशी. पुढच्या सत्रात फक्त दोन वर्गांत, सहावीत आणि आठवीत, हा तास प्रयोग म्हणून सुरू करावा. खर्च म्हणजे काही किसण्या, चाळण्या, फडकी आणि त्या दिवसाचा भाजीबाजार. दोन सत्रांनी शिक्षक, पालक आणि मुले यांना एकत्र बसवून विचारावे, काय जमले, काय नाही. जमले तर वाढवावे. नाही जमले तर बंद करावे, आम्ही पुन्हा हा विषय काढणार नाही.

पालकांना विनंती अशी की आपले मत, अनुकूल असो वा प्रतिकूल, चार ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. पुढच्या अंकात दोन्ही बाजूंची पत्रे छापू. तासाला यायला तयार असलेल्या आजी-आजोबांनी आणि बाबांनी कार्यालयात नाव द्यावे.

आणि विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, तुम्ही परवानगीची वाट पाहू नका. आज रात्री झोपण्यापूर्वी एका वाटीत कोमट दूध घ्या, आईकडून चमचाभर विरजण मागा आणि झाकून ठेवा. उद्या सकाळी आधी तुम्हीच झाकण उघडा.

– संपादक मंडळ